शुक्रवारचा पहिला खेळ

घनसावंगीच्या स्टँडबाहेर काळीपिवळी जीप भरायची वाट बघत आम्ही अर्धा तास आत बसलो होतो. "अजून दोन शिटा," एवढंच ड्रायव्हर म्हणायचा आणि गाडी काही हलवायचा नाही. माझा जीव नुसता कावला होता.

शेजारची पन्नाशीची बाई माझ्याहून बेचैन. कापूस वेचून चरे पडलेल्या बोटांनी सारखा मोबाइल उघडायची, वेळ बघायची. पडद्यावर विशीतला एक हिरो हसत होता. मधेच ती ड्रायव्हरच्या आधी रस्त्यावरच्यांना ओरडायची, "जालना का? चला, जल्दी चला!"

"बाराला ह्याचा नवा पिक्चर लागून राह्यला," ती मला म्हणाली. "पहिल्या पिक्चरमंदी काय रडल्ता पोरगा! आता नुसती बॉडी करून राह्यलाय, रडायचंच इसरला. मागचे दोन पडले. हा बी पडला तर मंग कोण काम देईल त्याला?"

"हा तरी चांगला आहे का?"

"बिलकुल न्हाई. मोबाइलवर झलक पाह्यली ना मी."

आता एसटीच बरी, म्हणून मी एक पाय खाली टाकला आणि उतरता उतरता विचारलं, "मग एवढी धावपळ कशाला, ताई?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मला जगातलं काहीच कळत नाही.

"चांगल्या पिक्चरला कुणीबी जातंय, भाऊ. थेटर रिकामं दिसू न्हाई म्हणून चाल्ले."

खाली टाकलेला पाय मी परत आत घेतला.