आधी सणसर, मग दोन्ही तालुके

स्वप्नाली रुपनवर जळोचीत एका दूध कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. कंपनीच्या कॉम्प्युटरमधला कुठलाही बदल कधी आणि कसा चालू करायचा, हे तिनं ठरवायचं. नीट तपासलेला नसेल, तर ती तोंडावर "थांबा" म्हणते. त्यामुळं ती फारशी कुणाची लाडकी नव्हती. तिचे वडील आप्पा पूर्वी मेंढरं राखायचे, आता सणसरला ऊस करतात. घराण्यात ऑफिसची नोकरी करणारी तीच पहिली.

यंदा उन्हाळ्यात गावोगावच्या डेअऱ्यांसाठी नवा प्रोग्राम तयार झाला. दूध मोजलं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर लगेच मेसेज.

"सोमवारी सगळीकडं एकदम चालू करू," तिचे साहेब ऋषिराज म्हणाले.

"सर, आधी एकाच गावात करू. आणि जुना प्रोग्रामही तयार ठेवू."

"तपासून झालंय ना?"

"ऑफिसात झालंय. डेअरीवर नाही."

साहेब वैतागले. "काही निघालं नाही, तर उशिराचा जाब तुम्ही द्यायचा."

"देईन," स्वप्नाली म्हणाली.

सोमवारी उजाडताच ती सणसरच्या डेअरीवर लॅपटॉप उघडून बसली. दूध मोजायच्या मशीनवर डेअरीचे जोतीरामतात्या, समोर किटल्या घेतलेल्यांची रांग. सुरुवातीची दुधं नीट गेली. मग रांगेतल्या शकुबाईंनी आधी गाईचं ओतलं, पाठोपाठ म्हशीचं. मोबाइल वाजला तसा त्यांनी तो स्वप्नालीपुढं धरला.

"पोरी, दोन्ही बी गाईचंच लिवलंय की! माझ्या म्हशीचं कुठं गेलं?"

स्वप्नालीनं मेसेज वाचला. नवा प्रोग्राम बंद केला, जुना चालू केला, शकुबाईंची नोंद दुरुस्त केली.

"तात्या, घ्या पुढचं."

"आं? इतक्यात झालं बी?"

रांगेतल्या मागच्यांना तर काही घडलं हेही कळलं नाही. तिनं साहेबांना फोन लावला. झालेला घोळ ऐकून ते म्हणाले,

"म्हणजे गाय-म्हैस दोन्ही असलेल्या प्रत्येक घरात हेच झालं असतं."

"हो सर. सगळ्या गावांत, एकाच सकाळी."

"आता तुम्ही सांगाल तसं," साहेब म्हणाले.

चूक सुधारली. सणसरला पुन्हा चालवून पाहिलं, या खेपेला शकुबाईंची म्हैस म्हैसच राहिली. मग इंदापूरकडची गावं घेतली, मग बारामतीची. शेवटच्या दिवशी सकाळचं दूध सुरू झालं, तेव्हा अख्खं ऑफिस भिंतीवरच्या पडद्यापुढं उभं होतं. एकेका गावाचं नाव हिरवं होत गेलं. शेवटचं गाव हिरवं झालं आणि टाळ्यांचा कडकडाट उठला. पहिली टाळी ऋषिराजांची होती.

स्वप्नालीनं गॅलरीत जाऊन घरी फोन केला.

"आप्पा, दोन्ही तालुके चालू झाले!"

"कुणी केलं गं?"

"मी केलं," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली.