सांबाराची जुडी

“अहो बाई, देवाला इडलीबरोबरचं सांबार कशाला?”

पाळकीणबाई एवढं बोलल्या आणि अख्खं चर्च हसलं. मी पुढे उभी होते. हातात कोथिंबिरीची ओली जुडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आमच्या गावी देऊळघाटात म्हणतात, बुलढाण्याच्या बाजारात म्हणतात, सगळ्या वऱ्हाडात म्हणतात. पाळकीणबाई पुण्याच्या. त्यांना आमच्या पाळकसाहेबांशी लग्न करून इथं येऊन वर्ष झालं होतं.

हंगामाची उपासना होती. त्या रविवारी जो तो आपल्या शेतातलं काहीतरी आणतो, पुढे ठेवतो आणि मोठ्यानं दोन शब्द प्रार्थना करतो. कुणी तुरीचं पोतं आणतं, कुणी सोयाबीनचं. आमचा भाजीपाल्याचा तुकडा. मी डोळे मिटून म्हणाले होते, “देवा, तू मले सांबार देल्लं, मी तुह्यासाठी आणलं. आता मले शहाणपण दे.” एवढंच.

पाळकीणबाईंना खरंच समजलं नसेल. बाकीच्यांना तर समजलं होतं ना! हसणाऱ्यांत अशाही बाया होत्या, ज्यांच्या घरी मी आदल्याच दिवशी सांबार देऊन आले होते. दारात उभ्या राहून “ताजं हाय ना वं?” असं विचारणाऱ्या. चर्चमध्ये मात्र त्यांना ती कोथिंबीर वाटली.

उपासना संपल्यावर पाळकीणबाई माझ्याजवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नका हं. पुढच्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना करा. देवाला तेही ऐकू येतं.”

मी “हो” म्हणाले. त्या हसण्यापेक्षा माझा तो “हो” मला जास्त लागला.

तेव्हापासून मी त्या बाईवर जळू लागले. सरळ सांगते, जळू लागले. तिची इस्त्रीची साडी, तिचा गाण्याचा आवाज, “हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या” म्हणताना न अडखळणारी तिची जीभ. तिचे आजे-पणजे ख्रिस्ती. माझ्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावात त्यांच्याशी कुणी बोलेना, आणि चर्चमध्ये आम्ही अजून ‘नवीन मंडळी’. आमचा बाक शेवटचा. तिथून मला तिची पाठ दिसायची. वचन चालू असायचं आणि मी तिच्या पदराच्या घड्या बघत बसायची. तिनं प्रार्थना केली की सगळे आमेन म्हणत. माझ्या तोंडून निघत नसे.

घरी मी तिच्यासारखं बोलून बघायची. एकदा चुलीपुढे “हे परमकृपाळू” सुरू केलं, तर नवरा म्हणाला, “काऊन वं, कोनावर रागावून राह्यली?” बाजारात मी “कोथिंबीर घ्या, कोथिंबीर” असं ओरडू लागले. सासूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “कोथिंबीर म्हनल्यानं वास बदलते का वं त्याचा?” मी त्यांच्यावरच डाफरले.

अशात एक दिवस मालनबाई माझ्या दुकानाशी येऊन बसल्या. मालनबाई म्हणजे चर्चच्या मोठ्या पंचांची बायको. आधी गाण्याची मंडळी त्यांच्या हातात होती. पाळकीणबाई आल्या आणि ती गेली. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं याच हसल्या होत्या. आता मला ‘ताई’ म्हणत होत्या.

“ताई, हंगामाचे तुरीचे पोते पाळकीणबाईनं परस्पर नेले म्हणते लोक. तुनं पाह्यलं ना ऑटोत भरतानी?”

पाहिलं होतं. उपासनेच्या त्याच संध्याकाळी मी देऊळघाटच्या ऑटोची वाट बघत चर्चच्या फाटकाशी बसले होते. पाळकीणबाईंनी दोन पोती ऑटोत भरली आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, “पोरांच्या बोर्डिंगला.” पुढे माझी ऑटो बोर्डिंगवरून गेली तेव्हा पोरं ती पोती आत ओढताना मी डोळ्यांनी बघितली.

“पण ते तर बोर्डिंगले...”

“ते तुले कोन इचारते? रविवारी बैठक हाय. भरतानी पाह्यलं, एवढंच सांग. बाकी आमी पाहून घेऊ.”

त्या गेल्या आणि मला गोड वाटलं. लपवत नाही, फार गोड वाटलं. खोटं तर बोलायचं नव्हतं. अर्ध्यावर थांबायचं होतं, बस्. पाळकाची बदली झाली असती. ती पाठ, तो पदर पुन्हा दिसला नसता. शेतात सांबार उपटताना मी ते वाक्य घोळवत होते. “मी भरतानी पाह्यलं.” दर वेळी जास्त छान वाटायचं.

बाजाराच्या दिवशी दुकानावर बसून जुड्या बांधत होते. लक्ष त्या वाक्यातच. सासूबाईंनी माझ्या हातातली जुडी ओढून घेतली आणि सोडली. आत सगळा पिवळा, सडका पाला. वरून हिरव्या काड्यांचा वेढा.

“हे कवापासून शिकली वं? आत सडका आन् वरून हिरवा. आपल्या घरी अशी जुडी बांधत नाहीत.”

मी चूक झाली म्हणाले. सडका पाला वेचू लागले आणि हात थांबले. रविवारी बैठकीत मी हीच जुडी घेऊन जाणार होते. मी देवाकडे शहाणपण मागितलं होतं, तेही सगळ्यांसमोर. ते आलं होतं आणि मला ते नको होतं. बाजारभर लोकांसमोर मी रडले. रागानं रडले.

रविवारी बैठकीत मालनबाईंच्या नवऱ्यानं मला उठवलं. “सांगा ताई, काय पाह्यलं?” माझा बाक शेवटचा, पण त्या दिवशी सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“पोते ऑटोत भरतानी पाह्यले,” मी म्हणाले. मालनबाई हसल्या. “आन् बोर्डिंगवर उतरवतानी बी पाह्यले. मालनबाईले म्या हे सांगतलं होतं. त्या म्हने, ते सांगू नको.”

पाळकसाहेबांनी घाम पुसला आणि मलाच समारोपाची प्रार्थना करायला सांगितली. पाळकीणबाई रडत होत्या. उठल्या, माझे हात धरले. “तुम्ही बसा. मी करते तुमच्यासाठी प्रार्थना.”

मी हात सोडवून घेतले.

“नाई बाई. मी करीन. मोठ्यानं करीन.”

आणि केली. “देवा, माह्या पोटात या बाईचा हेवा हाय. आजबी हाय. तो तूच काढ, माह्यानं निंघत नाई. आन् मले मनातल्या मनात बोलायले लावनाऱ्याचं मी आता आयकनार नाई. आमेन.”

कुणी हसलं नाही. आमेनही कुणी म्हटलं नाही.

हेवा अजून गेला नाही. ती गायला लागली की आत चरचरतं. पण ते मी देवाला तिथंच, तिच्या पाठीमागे बसून, माझ्या बोलीत सांगते. मालनबाई आता माझ्याकडून भाजी घेत नाहीत. नका घेऊ. यंदा हंगामाच्या उपासनेला मी जुडी घेऊन पुढे उभी राहीन. आतून बाहेरून हिरवी जुडी. आणि मोठ्यानं सांबारच म्हणीन.