हौदापाशी आलेली बाई

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. अंगात आलेल्या बायका पाहून मी फिदीफिदी हसायचे आणि त्यापायी आईचे धपाटेही खाल्लेत. तेव्हा हे लिहिताना भीती मुळीच नाही. लाज मात्र वाटतेय... आणि ती कशाची, ते वाचलंत की कळेलच.

गोष्ट साठच्या दशकातली. लग्न होऊन सांगलीहून कराडजवळच्या मलकापूरला आले, त्याच हिवाळ्यातली. माझ्या सासऱ्यांचा – मामंजींचा – लोकर रंगवायचा कारखाना होता. कारखाना कसला, एक पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, त्यांवर तांब्याचे हंडे आणि अंगणात पाण्याचा हौद. घर शेडला लागूनच. चहूबाजूंनी ऊस, हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही.

लोकरीला रंग धरावा म्हणून हंड्यात ॲसिड घालायचे. व्हिनेगरमध्ये जे थोडंसं असतं ना, तेच – पण निव्वळ. काचेच्या भल्यामोठ्या बुधल्यात यायचं, बुधला वेताच्या टोपलीत, भोवती गवत ठासलेलं. अंगावर सांडलं तर कधी कधी लगेच काही वाटत नाही, मागाहून कातडं सोलून निघतं. आणि पेटतंही! गरम झालं की वाफ सुटते, तिला विस्तव मिळाला की भडका. त्यात आणखी एक खोड – थंडी पडली की ते बर्फासारखं गोठायचं. मग मामंजी बुधला भट्टीपासून लांब नेऊन कोमट पाण्यात भिजवलेली पोती त्याला गुंडाळायचे आणि सकाळभर वाट बघायचे. घाई केलेली त्यांना खपायची नाही.

त्या दिवशी सासूबाई आणि आमचे 'हे' म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला गेले होते. घरात बाईमाणूस मी एकटी. मामंजी भट्टीत लाकडं सारत होते. धाकटे दीर शंकर भावजी बुधल्यापाशी... आणि त्यांना सगळंच आत्ताच्या आत्ता हवं असायचं.

"वैनी, टोपली कलती धरा जरा. कवाधरनं बघतोय, वितळतंय व्हय ते!" असं म्हणून त्यांनी हंड्यातलं उकळतं पाणीच वरून ओतलं.

काच तडकली. अर्धंमुर्धं वितळलेलं सगळं माझ्या कमरेपासून खाली.

"इस्तू! आदी इस्तू इझीव!" मामंजी ओरडले. भावजींनी भट्टीवर पाणी मारलं. वाफेनं डोळे चुरचुरत होते; मी ठसकत, धडपडत अंगणात हौदापाशी आले. मामंजी मागोमाग, त्यांच्यामागून भावजी. "सूनबाई, ते... ते..." एवढंच म्हणाले. ॲसिडनं भिजलेलं कापड आधी अंगावरून काढायचं आणि वर पाणी ओतत राहायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण सासऱ्यानं सुनेला लुगडं सोड म्हणायचं कसं?

आणि मी तरी दोघांदेखत सोडणार कशी! "काही नाही झालं, मामंजी," म्हणाले मी. मांड्या धगधगायला लागल्या होत्या, आणि मी दोन्ही मुठींनी पदर तोंडावर दाबून ठोंब्यासारखी उभी. मामंजींनी भावजींना खांद्याला धरून भिंतीकडं वळवलं, आपणही वळले. तेवढंच त्यांना सुचलं असावं.

तेवढ्यात मागून माझ्या कमरेला हात लागला. बाईचा. गार, खरबरीत... काचेच्या बांगड्या वाजल्या.

"मर्तीस का गं? सोड ते!"

"मामंजी आहेत इथं..."

"आसूंदेत. आदी जग. लाजायला सगळा जलम पडलाय."

टर्रकन लुगडं फाटलं. मग पाणी – कमरेवरून, पायांवरून, थंडगार. मी रडत बास म्हणायचे, ती म्हणायची, "आजून." मी थरथरत होते, ती ओततच होती. "आजून गं बाई, आजून." किती कळश्या झाल्या, देव जाणे. मग पाणी थांबलं. मामंजींनी पाठमोऱ्यानंच घोंगडी फेकली, ती मी चाचपडत अंगाला गुंडाळली. पदर खाली केला तर अंगणात आम्ही तिघंच.

कराडचे डॉक्टर म्हणाले, ते लुगडं अंगावर राहिलं असतं तर पाय गेले असते. व्रण आहेत, पण मी चालते-फिरते. दवाखान्यात नर्सनं माझ्या मुठी उघडल्या, तेव्हा आत फाटका पदर. नवंकोरं लुगडं, पदरापासून फाडून काढलेलं! आणि पाणी थांबेपर्यंत माझे हात तर एकदाही तोंडावरून हलले नव्हते.

सासूबाई परतल्या आणि पहिला प्रश्न हाच – "दोन बाप्यांदेखत नागवी झालीस?" बाई आली होती म्हटल्यावर आसपासच्या वस्त्यांवर जाऊन चौकशी केली. कुणीही आलं नव्हतं. मग काय, सून येडी, नाहीतर बेशरम! मलाही वाटायला लागलं, आपणच सोडलं असेल की काय... मान वर करून मी त्या घरात वावरतच नव्हते.

शेवटी एकदा मामंजींनाच विचारलं. ते लोकर वाळत घालत होते.

"आली हुती," ते म्हणाले. "बोलत हुती तुज्यासंगं. कळशी बुडल्याला आवाज म्या ऐकलाय. शंकऱ्यानं बी ऐकलाय."

"मग सासूबाईंना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? कोन हुती म्हनून सांगू? म्या वळून बगितलंच न्हाई. सुनंच्या अंगावर कापड न्हाई, बापय मानसानं वळायचं कसं, पोरी?"

माझ्याकडं आजही स्पष्टीकरण नाही. उसातून जाणारी कुणी वाटसरू असेल, असं माझा मुलगा म्हणतो. असेलही. पण चार वस्त्यांत एकालाही ती येताना-जाताना दिसू नये?

मामंजींचं मी समजू शकते. माझं काय? पाणी ओतता ओतता वास विरला होता, डोळेही चुरचुरत नव्हते. पदर बोटभर खाली घेतला असता तरी ती दिसली असती. नाही घेतला. तशा अंगानं कुणाच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटली मला. जिनं मला जगवलं, तिचं तोंडसुद्धा मी बघितलं नाही.