भीमसिंगबाबांचं गायण

ईश्वर पावरा सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते खाली म्हसावदला राहायला आले. इथे वीज बऱ्यापैकी टिकते आणि ह्यांना कॉम्प्युटरशिवाय करमत नाही, असं त्यांची बायको फुलवंताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

कॉम्प्युटर घेतला होता तो गाण्यांसाठी. गुरुजी डोंगरातल्या पाड्यांवर फिरून म्हाताऱ्यांची पावरी बोलीतली गाणी मोबाइलमध्ये भरून आणत आणि घरी आले की कॉम्प्युटरवर उतरवत. मोबाइल भरला की पुसायचा आणि पुन्हा डोंगर चढायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं ऊसतोडीला गुजरातेत जायची आणि परत येईपर्यंत पाड्यावरचं एखादं गाणारं माणूस गेलेलं असायचं. म्हणून गुरुजींची घाई.

भीमसिंगबाबांनी मात्र त्यांना बरेच महिने दाद दिली नाही. बाबा डोंगरातल्या एका पाड्याचे पुजारा. इंदल म्हणजे नवस फेडायचा देवाचा उत्सव. त्या रात्री पुजाऱ्याने पहाटेपर्यंत देवाचं गायण गायचं असतं. बाबांना ते सगळं पाठ होतं. "माझा आवाज तुझ्या डब्यात अडकला तर मी सुटू कसा?" असं ते विचारायचे. गुरुजींनी वाद घातला नाही. ते नुसते जाऊन बसायचे, बाबांबरोबर मोहाची फुलं वेचायचे, संध्याकाळी खाली उतरायचे. शेवटी एका सकाळी बाबा आपण होऊन म्हणाले, "काढ तुझा मोबाइल."

त्याच वर्षीच्या थंडीत बाबा गेले. मुलगा करणसिंग बारडोलीकडे ऊस तोडत होता. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढच्या वर्षी करणसिंगचा फोन आला. "गुरुजी, बाचा इंदलचा नवस राहिलाय. मी फेडतोय. गायण मीच गाणार. बाचा आवाज तुमच्याकडे आहे ना? ऐकून शिकेन."

"ये, सगळं आहे," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवून लगेच कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. आतून बारीक टकटक ऐकू येत होती. गुरुजींनी बंद करून पुन्हा चालू केला. वायरी काढून पुसून बसवल्या. विजेचा दाब कमी असेल म्हणून थांबले आणि परत बटण दाबलं. दिवसभर हेच चाललं होतं. फुलवंताबाईने जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "आता लागेल."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ते रिक्षाने नवनीतच्या दुकानात गेले. नवनीत पाटील गावातला दुरुस्तीवाला, स्वभावाने मोकळा, बोलणं अहिराणी. त्याने डबा उघडून रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासून परत बसवली, आतला सेलही बदलला. पडदा उजळला. गुरुजी खुर्चीतून उठले.

पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ आली. डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. नवनीतने वायर बदलली, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि कान जवळ नेला. तीच टकटक. त्याने लगेच वीज बंद केली.

"सर, डिस्कना मझार काय व्हतं?"

"गाणी."

"दुसरीकडे कॉपी शे?"

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

नवनीतने डिस्क सुरतेला, बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्यांकडे पाठवली. तिथून ती तशीच परत आली. आतली सुई तबकडीवर घासत राहिली होती आणि जे लिहिलेलं होतं ते खरवडून गेलं होतं. गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "नवनीत, मी दिवसभर चालू-बंद करत राहिलो, त्याने झालं का हे?"

नवनीतने त्यांच्याकडे न बघता स्क्रू गोळा केले. "नही सर. ती पहिलेच गयेल व्हती. तुम्हनी काहीच चूक नही."

ते खरं नव्हतं. गुरुजी गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "सरनी पहिल्या टकटकीलेच बंद करी दिधं असतं, तं थोडंफार निंघतं."

करणसिंग आला तेव्हा गुरुजींनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. तो गुरुजींच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "तुम्ही ऐकलंय ना, गुरुजी? आठवेल तेवढं म्हणा."

गुरुजींनी सुरुवात केली. देव डोंगरातून निघतो, एकेक झरा, एकेक नाला ओलांडत पाड्याकडे येतो. काही ओळी नीट आल्या. मग दोन नाल्यांची नावं उलटसुलट झाली. एक ओळ करणसिंगने लहानपणची आठवून जोडली. त्यापुढे दोघांनाही काही येईना. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. फुलवंताबाई आतून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

इंदल झाला. गायला दूरच्या पाड्यावरचा पुजारा आणला होता. त्याचा गळा चांगला होता. पण त्याचा देव त्याच्या नाल्यांवरून, त्याच्या टेकड्यांवरून आला. भीमसिंगबाबांच्या पाड्यावरचा एकही झरा त्या गायणात नव्हता. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. करणसिंगने हात जोडून सगळं पार पाडलं आणि दिवाळीनंतर बायकोपोरांसह तो तोडीला गेला.

नवनीतने कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली. आता बटण दाबलं की पडदा लगेच उजळतो. गुरुजी त्याच्यासमोर फारसे बसत नाहीत.

उसाच्या फडातून करणसिंगचा मधूनच फोन येतो. मागे ट्रॅक्टरचा आवाज असतो. घरचं विचारून झालं की तो तेच विचारतो.

"गुरुजी, पुढचं काही आठवलं का?"

"नाही रे," गुरुजी म्हणतात. "तुला?"