साकवासाठी आणलेली स्लिपाटं

आमच्या गावच्या ओढ्यावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा. शेवटी माझ्या आत्याने ठरवलं की मुंबईहून रेल्वेची जुनी स्लिपाटं आणायची. रुळांखालची ही जाडजूड लाकडं बदलली की रेल्वे जुनी विकून टाकते, असं तिने ऐकलं होतं. आमच्या भागात तेव्हा रेल्वे नव्हती. मी मुंबईत गिरणीत होतो, म्हणून तिला घेऊन यार्डात गेलो.

तिथल्या साहेबाने विचारलं, "बाई, रूळही हवेत का?"

"नकोत," आत्या म्हणाली. "आमच्याकडं गाडी येत न्हाय."

साहेबाने मान डोलावली आणि विक्रीची चिठ्ठी लिहून दिली. आत्याने एकेक स्लिपाट दगडाने ठोकून पाहिलं आणि पोकळ वाजलेली तिथेच ठेवली. निवडलेली आम्ही गलबतातून रेवसला उतरवली. धक्क्यावर पोलिसाने अडवलं. हा रेल्वेतला चोरीचा माल दिसतो, असं त्याचं म्हणणं पडलं. चिठ्ठी वाचल्यावर मात्र त्यानेच लाकडं बैलगाडीत चढवायला हात लावला.

साकव भक्कम झाला. पुढच्या पावसाळ्यात तो जागचा हलला नाही. माणसं त्यावरून जाऊ लागली, पण म्हशींना स्लिपाटांत मुरलेल्या डांबराचा वास सोसेना. त्या पाण्यातूनच जात. आत्या त्यांना रोज समजावून सांगायची. उन्हाळ्यात ओढा आटला आणि वासही कमी झाला असावा, कारण एक म्हैस आपणहून साकवावर चढली आणि मधोमध बसली. ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. आम्ही सगळे ओढ्यातून ये-जा करत राहिलो.