यंत्रानं सांगितलं, पोचलं

अमरावतीच्या राजापेठेत बारावीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन संगणक, भारनियमनासाठी एक इन्व्हर्टर. आम्ही लोकांचे ईमेल पाठवायचो. कॉलेजांच्या प्रवेशाच्या सूचना, दुकानांच्या जाहिराती, लग्न जुळवणाऱ्या मंडळांची पत्रकं. एका वेळी हजारोंनी. सर म्हणजे ऑफिसचे मालक गिऱ्हाईकं सांभाळायचे आणि मी यंत्र सांभाळायचे.

या सगळ्यात एकच काम मला मनापासून आवडायचं. अकोल्याची एक संस्था दर बुधवारी शेतीचा सल्ला पाठवायची. कपाशीवर कोणती कीड दिसते आहे, कोणतं औषध मारायचं, कोणतं नाही. हा मेल शेतकऱ्यांना जात नसे, कारण त्यांच्याकडे तेव्हा कुठलं ईमेल? तो कृषी केंद्रवाल्यांना, मास्तरांना आणि सायबर कॅफेवाल्यांना जायचा. ते कागद छापून आपापल्या गावात भिंतीवर डकवायचे. वर्षं वाईट होती. आमच्या भागातल्या कुठल्या गावाचं नाव पेपरात आलं की लोक बातमी न वाचताच ओळखायचे, काय झालं असेल. अशा दिवसांत आपल्या हातून काहीतरी कामाचं जातंय, असं मला वाटायचं.

सगळं एकाच यंत्रावरून जायचं, आणि त्या यंत्राचा इंटरनेटवर एकच आयपी पत्ता होता. मेल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या अशा प्रत्येक पत्त्यावर डोळा ठेवून असतात. इथून नको असलेली पत्रं येतात का, बंद पडलेल्या खात्यांना येतात का, लोक वैतागून ‘स्पॅम’चं बटण दाबतात का. पत्ता एकदा बदनाम झाला की तिथून गेलेलं चांगलं पत्रही कचऱ्यात पडतं. हे मला पाठ होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका सोमवारी एक बडे क्लासवाले सीडी घेऊन आले. तिच्यावर कुठून तरी मिळवलेले ढीगभर ईमेल पत्ते होते. मी दहा-वीस पत्ते तपासले. निम्मे मेलेले निघाले.

“सर, ही यादी पाठवली तर आपला पत्ता खराब होईल,” मी म्हणाले.

“एकदाच पाठव. जुनं गिऱ्हाईक आहे, मला नाही म्हणता येत नाही.”

मला आणखी बोलता आलं असतं. पण गावाकडून शहरात नोकरीला आलेली घरातली मी पहिली मुलगी. सरांनी एकदा तोंड फिरवलं की परतीची बस, ही धास्ती मला कायम असायची. मी बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी संगणक उघडला तर परत आलेल्या मेलांची रांग लागलेली. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ होती: तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे. माझे हात गार पडले. बदनाम पत्त्यांची ही यादी एक वेगळीच संस्था ठेवते; सरांना काही न सांगता मी तिच्याकडे नाव काढण्याचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता, ‘तुम्ही काय दुरुस्त केलं?’ मी लिहिलं, ‘मेलेले पत्ते काढून आमची यादी साफ केली.’ केली नव्हती. दिवसभर पाच-पाच मिनिटांनी तपासत राहिले. जेवण गेलं नाही. बुधवारी सकाळी आमचा पत्ता त्या यादीतून निघाला आणि मी देवाला हात जोडले.

त्याच दुपारी अकोल्याच्या संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. आवाज घाईचा होता.

“आजचा मेल लगेच पाठवा. दोन औषधं एकत्र करून फवारून राहिले लोकं. मजूर आजारी पडून राहिले. उद्यापर्यंत प्रत्येक गावात कागद लागला पाहिजे.”

त्या क्षणी त्यांना सांगायला हवं होतं की काल आमचा पत्ता काळ्या यादीत होता, तुम्ही फोनसुद्धा करा. मी “हो साहेब” म्हणाले. मजकूर आला. मी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या, ‘मिसळू नका’ हे शब्द ठळक केले आणि मेल सोडला. पडद्यावर एकेक ओळ उतरत गेली: स्वीकारलं, स्वीकारलं, स्वीकारलं. एकही परत आला नाही. मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर चहा प्याले आणि सहाला खोलीवर गेले.

गुरुवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवते तोच फोन वाजला. अकोल्याच्या जुन्या शहरात कॅफे चालवणारे चाचा होते. दर बुधवारी त्यांच्याकडून चाळीसेक कागद छापून आसपासच्या गावांना जायचे.

“बेटा, काल तुमचा कागद नाही आला. काहून?”

“चाचा, स्पॅममध्ये बघा बरं.”

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. “हाव, हाये इथं. लॉटरी लागली म्हणणाऱ्या मेलांच्या मधात पडला.” मग ते वाचू लागले आणि त्यांचा आवाज बदलला. “या अल्ला. हे तं कालच लावाले पायजे होतं.”

तेव्हा मला कळलं. काळ्या यादीनं आम्हाला सोडलं होतं, पण मेल कंपन्यांनी आपापल्या वहीत आमच्यावर फुली मारलेलीच होती. ‘स्वीकारलं’ म्हणजे दारातून आत घेतलं, एवढंच. आत नेऊन कुठं टाकलं, ते यंत्र सांगत नाही. मी आणखी तीन कृषी केंद्रांना फोन लावला. तिघांचंही तेच. कुणीच बघितला नव्हता.

आणि मग, इतक्या उशिरा, मला दादा आठवला. मूर्तिजापूरजवळ आमचं वावर. दादाची फवारणी याच आठवड्यात होती. काल ज्या मजकुराचे ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारत बसले होते, तो माझ्या घरासाठीही होता, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

दादाचा फोन वहिनीनं उचलला.

“फोन घरीच विसरले. वावरात गेले सकाळीच. फवारा मारून राहिले ना आज.”

“वहिनी, औषधं एकत्र करू नका म्हणावं. पळत जा. आत्ता!”

“अवं पण झालं काय?”

“पळ वहिनी!” मी किंचाळलेच. शेजारच्या खोलीतून सर बाहेर आले.

मी त्यांना सगळं सांगितलं. काळी यादी, खोटा अर्ज, काल साहेबांपासून लपवलेली गोष्ट. मला वाटलं, आता नोकरी गेली.   “सीडी मी दिली होती,” सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून दुसऱ्या फोनवर बसले. “नंबर सांग.”

संस्थेच्या साहेबांना मीच कळवलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, “किती गावं?” मी म्हणाले, “माहीत नाही.” 

मग आम्ही फोनांचा सपाटाच लावला. सर दर्यापूरकडची कृषी केंद्रं, मी मूर्तिजापूरकडची. चाचांनी आपल्या स्वतःच्या खात्यावरून ओळखीच्या सगळ्यांना मेल पाठवला. त्यांचं खातं स्वच्छ होतं, तो पोचला. शिवाय कागदांचा गठ्ठा छापून ते स्टँडवर गेले आणि खेड्यांवर जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरांच्या हातात दिला.

अकराच्या सुमारास दादाचा फोन आला. धापा टाकत होता.

“मावशीले उलट्या होऊन राहिल्या. तोंडातून लाळ गयते. काही दिसत नाही म्हणते.”

मावशी म्हणजे आमच्या गावातल्या, वर्षानुवर्षं आमच्या वावरात कामाला येणाऱ्या. दादा पंप पाठीवर घ्यायचा आणि मावशी ड्रममध्ये काडीनं औषध कालवून द्यायच्या. वहिनी दादाचा फोन घेऊन पोचली तेव्हा त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेल्या होत्या.

माझ्यासमोर मेल उघडाच होता. मी वाचत गेले आणि दादा ऐकत गेला. कपडे बदला. अंग साबणानं धुवा. एका कुशीवर निजवा. औषधांच्या बाटल्या सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवा. “दोन्ही बाटल्या घे दादा. दोन्ही!”

“घेतल्या,” तो म्हणाला. ऑटोत घालून त्यांना मूर्तिजापूरला नेलं, आणि तिथून अकोल्याला पाठवलं.

सरांनी मला स्टँडवर सोडलं. अमरावती ते अकोला हा रस्ता मी कितीदा केला असेन, पण त्या दिवसाइतका लांब तो कधीच नव्हता. खिडकीतून दोन्ही बाजूंची कपाशी दिसत होती आणि जिथं तिथं पाठीवर पंप घेतलेला माणूस. प्रत्येक माणूस दिसला की मनात यायचं: याला कागद मिळाला का? बस थांबवून ओरडावं असं वाटत होतं. एका फाट्यावर मी खरंच उठले, कंडक्टर म्हणाला, “ताई, इथं उतरता का?” मी परत बसले.

दवाखान्यात मावशींना इंजेक्शनं चालू होती. डॉक्टर म्हणाले, बाटल्या आणल्या म्हणून उपचार लगेच सुरू करता आले. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. व्हरांड्यात दादा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं.

 तो म्हणाला, “तुया मशीनचं मले समजत नाही. पण तुले कालच मालूम होतं ना? मंग मले फोन काहून नाही केला?”

 

दुसऱ्या दिवशी मावशींची नजर साफ झाली. पाचव्या दिवशी त्या उठून बसल्या. मी त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, “मावशी, माझा कागद वेळेवर पोचला असता तर तुम्हाला हे झालं नसतं.”

“मले कुठी वाचता येते वं माय,” त्या म्हणाल्या. मला जरा हलकं वाटलं असेल-नसेल, तोच त्यांनी पुढं म्हटलं, “पण कोणी वाचून दाखोलं असतं, तं मी हात नसता लावला.”

आणखी कुणाला त्रास झाला का, हे आम्ही पुढं कितीतरी दिवस फोन करकरून विचारत राहिलो. आमच्या यादीतल्या गावांतून तसं काही कळलं नाही. पण कळलं नाही म्हणजे झालं नाही, असं समजायचं मी त्या आठवड्यात सोडलं.

शेतीच्या सल्ल्यासाठी सरांनी वेगळा आयपी पत्ता घेतला. त्यावरून आधी फक्त रोज मेल उघडणाऱ्या मोजक्या लोकांना पाठवायचं, मग हळूहळू वाढवायचं, असं करत दीड-दोन महिन्यांनी तो पत्ता विश्वासाचा झाला. सीडी घेऊन आलेल्यांना सर दारातूनच परत पाठवू लागले. साहेबांनी यादीत प्रत्येकाचा फोन नंबर भरून दिला.

मावशी दिवाळीनंतर कापूस वेचायला आल्या. औषध कालवायला मात्र नाही म्हणाल्या, आणि दादानंही कधी विचारलं नाही. मी पुढं चार वर्षं ती नोकरी केली. दर बुधवारी मेल सोडला की पडद्यावर ‘स्वीकारलं’च्या ओळी उतरायच्या, आणि मी फोन जवळ ओढून पहिला नंबर फिरवायचे. पलीकडून कुणी तरी “हाव, लावला कागद” म्हणेपर्यंत माझे हात गारच असायचे.