मी धरणाचं पाणी नापास केलं

पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसानं चक्क पाण्यालाच नापास करावं? मी केलंय! हसू नका, आधी ऐका तर.

मी मुरबाडला घरी बसून सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर पाणी बनवतो. नदी, समुद्र, पूर, म्हणाल ते. तेव्हा धरणाच्या एका दृश्याचं काम चालू होतं. आमच्या टीममधली श्रद्धा नमुने पाठवायची आणि मी त्यातल्या चुका काढायचो. खोटं कशाला बोलू, चुका काढायला मला भारी आवडतं!

एका दुपारी फोनवर व्हिडिओ आला. धरणाची भिंत, समोर लाटा. पाठवणाऱ्याचं नाव कोण बघतो? मी धडाधड लिहिलं, "सगळं चुकलंय. लाटा भिंतीकडून उलट्या का येतात? मधेच पाणी जागच्या जागी वरखाली नाचतंय. खरं पाणी असं वागतं का? ताबडतोब दुरुस्त व्हायला हवं!"

दहा मिनिटांत सासऱ्यांचा फोन. मी त्यांना मामा म्हणतो. ते भातसानगरला राहतात, तिथल्या धरणावरच नोकरी करून निवृत्त झालेत.

"जावयबापू, आपल्या धरणाला काय झालाय वो?"

"धरणाला? काही नाही, मामा."

"मंग तुमीच लिवलाय ना, पानी चुकलाय म्हनून! मी लाटांचा व्हिडिओ धाडला हौसेनं, आन् तुमी... मी लगेच धरणावरच्या इंजिनियर मॅडमना दाखवला. त्या बोलल्या, जावयांना पान्यातला कळतं ना, बोलवा त्यांना. आमी सगळी भिंतीवर उभी हाव!"

पाठवणाऱ्याचं नाव मी आत्ता बघितलं. श्रद्धा नव्हे, मामा! तशीच गाडी काढली.

भिंतीवर मामा, दोन कर्मचारी आणि इंजिनियर मॅडम. मॅडमनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दाखवा सर, यातली कुठली लाट चुकली?"

मी वाकून खाली पाहिलं.

वाऱ्यानं लाट यायची, भिंतीला आपटायची आणि परत फिरायची. समोरून दुसरी येत असायची. दोघी एकमेकींतून आरपार जायच्या, जराही न मोडता! भेटायच्या तिथे पाणी उभ्या उभ्या उसळायचं, बसायचं, पुन्हा उसळायचं. अशा किती लाटा? मोजायला लागलो नि सोडून दिलं. चार सेकंदांच्या पाण्यासाठी माझा कॉम्प्युटर दिवसभर पंख्यासारखा घुरघुरतो. इथे नजर पोचेल तिथवर हे चाललेलं, आणि कुठे अडकत नव्हतं!

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही हो. पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्या पाण्यात भिंतीशी पोचलेली लाट मी गुपचूप विरवून टाकायचो, काम लवकर उरकावं म्हणून. तेच बघून बघून डोळ्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं!

किती वेळ उभा होतो कोण जाणे. मॅडम केव्हाच हसत हसत निघून गेल्या होत्या. मामा मात्र काळजीनं शेजारीच उभे.

"मंग जावयबापू," त्यांनी हळूच विचारलं, "पान्यात काय दुरुस्ती करायची?"

"पाण्यात काही नाही, मामा," मी म्हणालो. "जावयात करावी लागेल."

मामांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा टाकला. "मंग मोठा काम हाय!"